नक्कल आणि अक्कल

नक्कल करणारा चोर की शिष्य? १६७९ साली चीनमध्ये चित्रकारांसाठी चक्क गाईड निघालं. नाव ‘मोहरीच्या दाण्याची बाग’. खडक असा, फांदी अशी, पानं अशी. सगळं लाकडी ठशांनी छापलेलं. बसा गिरवत! ची बायशी नावाच्या सुताराने पुढे ते उसनं आणून दिव्याच्या उजेडात गिरवून काढलं. त्याला चोर म्हणायची माझी तरी छाती नाही. फक्त थांबायचं कुठे, हा प्रश्न. आमच्या बँकेत सही नमुन्याशी जुळावी लागते; पण केसाचाही फरक नसला, की मला घाम फुटतो. ती हमखास गिरवलेली! बायशीबुवा जगप्रसिद्ध झाले ते कोळंबीच्या चित्रांनी. ती मात्र त्यांनी वाडग्यात पाळून न्याहाळली होती, जिवंत.