चिवटपणाचं कौतुक

जुलै २०२३मध्ये यशस्वी जयस्वालने पदार्पणाच्या कसोटीत १७१ धावा केल्या, तेव्हा आपल्याकडे अनेकांनी डॉमिनिका हे बेट पहिल्यांदा नीट पाहिलं. रोझो शहरातलं विंडसर पार्क आणि त्याच्या मागे उभे हिरवेगार डोंगर. त्याच मैदानावर मे २०१७नंतरचा पुढचा आंतरराष्ट्रीय सामना व्हायला जुलै २०२२ उजाडला होता, हे त्या हिरवाईकडे बघून कुणाच्या लक्षात येण्यासारखं नव्हतं. मध्ये मारिया येऊन गेलं होतं, आणि मागोमाग कोविड.

मारिया हे चक्रीवादळ १८ सप्टेंबर २०१७च्या रात्री डॉमिनिकावर आदळलं. आदल्या दिवशी साधंसं वाटणारं वादळ एका दिवसात पाचव्या, म्हणजे सर्वात वरच्या श्रेणीत गेलं होतं. वारा ताशी २६० किलोमीटरहून अधिक. जेमतेम सत्तर हजार वस्तीच्या या देशातल्या दहापैकी नऊ घरांच्या छपरांची मोडतोड झाली. पंतप्रधान रूझवेल्ट स्केरिट यांच्या घराचंही छप्पर उडालं आणि ते त्यांनी त्याच रात्री फेसबुकवरून जगाला कळवलं. मेलेले आणि बेपत्ता मिळून ६५ माणसं गेली. नुकसानीचा आकडा १३० कोटी डॉलर, म्हणजे देशाच्या वर्षभराच्या उत्पन्नाच्या २२६ टक्के. सव्वादोन वर्षांची अख्ख्या देशाची कमाई एका रात्रीत गेली.

मी तिथे डायव्हिंगसाठी गेले ती २०१९च्या सुरुवातीला. जाण्याआधी घरातल्या वडीलधाऱ्यांनी विचारलं होतं की, लोक उघड्यावर पडलेले असताना तिथे सुट्टी घालवायला जाणं बरं दिसतं का. प्रश्न रास्त होता. माझं उत्तर तेव्हाही होतं आणि आजही आहे: जावं. केळीच्या बागा झोपलेल्या, मच्छीमारांच्या होड्या फुटलेल्या. अशा वेळी बाहेरून येणारा पैसा ज्या मोजक्या वाटांनी येऊ शकतो, त्यातली पर्यटन ही एक. मारियानंतर ते वर्ष संपायच्या आत पहिलं क्रूझ जहाज रोझोच्या धक्क्याला लागलं, तेव्हा डोंगरातल्या कित्येक वाड्यांवर वीज आलेली नव्हती. कुणी याला विसंगती म्हणेल. मला त्यात नाइलाज दिसतो.

अडचण जाण्यात नाही, तिथून आपण काय घेऊन येतो यात आहे. त्या सुट्टीत भेटलेल्या जवळजवळ प्रत्येक पाहुण्याच्या तोंडी दोन वाक्यं होती. ‘निसर्ग किती लवकर सावरतो!’ आणि ‘काय चिवट माणसं आहेत ही!’ दोन्ही मनापासून म्हटलेली. मीही त्यात सूर मिसळला असता, पण पाण्याखाली गेल्यावर त्यातल्या पहिल्या वाक्यावरचा माझा विश्वास डळमळला आणि पुढे दुसऱ्यावरचाही.

डॉमिनिका ज्वालामुखीतून उभं राहिलेलं बेट आहे. दक्षिणेला पॉइंट मिशेलजवळ शॅम्पेन नावाची उथळ जागा आहे. तिथे समुद्राच्या तळातून सतत गरम वायूचे बुडबुडे निघतात. वाळूत बोटं खुपसली की ऊब लागते आणि बोटांच्या फटींतून बुडबुड्यांच्या सरी वर निघतात. मी तिथेच रेंगाळले असते, पण आमच्या गाइडने हाताने खूण करून बाजूला बोलावलं. एक मोठा पिंपासारखा स्पंज होता, माणूस आत बसेल एवढा. त्याची एक बाजू वरपासून खालपर्यंत फाटलेली होती. फाटलेल्या कडेवर बोटभर रुंदीची, फिकट रंगाची नवी कड धरली होती. तिच्या शेजारच्या प्रवाळावर मात्र मऊ, करडा थर होता. गाइडने त्यावर फक्त हात हलवून पाणी सारलं. धूर उठावा तसा गाळ उठला, आणि खाली प्रवाळ मेलेलं होतं. वर आल्यावर त्याने सांगितलं की लाटांनी मोडलं ते वेगळं, पण खरा घात नद्यांनी केला. डोंगरावरची झाडं गेली, उघडी पडलेली माती पावसाने खाली ओढली आणि ती थेट इथे येऊन बसली. अजून प्रत्येक मोठ्या पावसाबरोबर येत होती.

डोंगर मात्र लांबून हिरवेच दिसत होते. जवळ गेलं की कळायचं, ते हिरवेपण वेलींचं आहे. शेंडे तुटलेल्या खोडांवर वेल चढले होते आणि उभ्या वृक्षांचं जंगल अजून बरंच दूर होतं.

‘निसर्ग सावरतो’ हे वाक्य एकेकाळी खरंही होतं. कॅरिबियनमधल्या प्रवाळांना वादळं नवी नाहीत. एल्कहॉर्न जातीच्या प्रवाळाच्या फांद्या वादळात मोडतात आणि मोडलेले तुकडे दुसरीकडे रुजून नवी वसाहत धरतात. वादळ समुद्र ढवळून खालचं थंड पाणी वर आणतं, त्यामुळे उन्हाळ्यात तापलेल्या प्रवाळांना उसंतही मिळते. म्हणजे वादळ हा प्रवाळांचा जन्मजात वैरी नव्हे. मग बिघडलं काय? याचं सर्वात स्पष्ट उत्तर कॅरिबियनमधल्याच जमैकात मिळतं. तिथे १९८०मध्ये अ‍ॅलन वादळाने प्रवाळ मोडून काढलं. पुढच्या दोन-तीन वर्षांत नवी प्रवाळं धरायला लागलीही होती. पण शेवाळ खाणारे पोपटमासे लोकांनी आधीच मारून संपवत आणले होते, आणि १९८३मध्ये काळे लांब काट्यांचे सी-अर्चिन कसल्याशा रोगाने पटापट मेले. शेवाळ खायला कुणी उरलं नाही. टेरी ह्यूज या शास्त्रज्ञाने १९९४मध्ये प्रसिद्ध केलेले आकडे आजही अंगावर येतात: १९७७मध्ये जमैकाच्या किनाऱ्यावर तळाचा ५२ टक्के भाग जिवंत प्रवाळाने झाकलेला होता, १९९३मध्ये ३ टक्के. शेवाळ ४ टक्क्यांवरून ९२ टक्क्यांवर.

दोष वादळावर टाकून मोकळं होता येत नाही, ते यामुळे. वादळाने जखम केली. जखम भरून काढणारं जे काही होतं ते आपण आधीच खर्चून बसलो होतो. शॅम्पेनला मी ते काळे सी-अर्चिन खडकाच्या खोबणीत गर्दी करून बसलेले पाहिले आणि हायसं वाटलं. २०२२मध्ये कॅरिबियनच्या अनेक बेटांवर ते पुन्हा एकदा रोगाने मेले. त्याच्या पुढच्या वर्षी समुद्र असा तापला की ठिकठिकाणची प्रवाळं पांढरी पडली. दोन दुखण्यांमध्ये जी फुरसत मिळायची, तीच आता मिळत नाही.

आणि हेच माणसांनाही लागू आहे, म्हणून ते दुसरं वाक्य मला जास्त खटकतं. डॉमिनिकाच्या लोकांनी १९७९मध्ये डेव्हिड सोसलं, ऑगस्ट २०१५मध्ये एरिका, आणि दोनच वर्षांनी मारिया. चिवट आहेतच. पण चिवटपणा हा काही न आटणारा झरा नव्हे. बेटावर १९७८पासून चालत आलेलं रॉस हे वैद्यकीय महाविद्यालय मारियानंतर बार्बाडोसला निघून गेलं आणि विद्यार्थ्यांना खोल्या देऊन, जेवण देऊन जगणाऱ्या कित्येकांचा आधार गेला. मी गेले तेव्हा महाविद्यालय होतं त्या पोर्ट्समथच्या बाजूला भाड्याच्या इमारती रिकाम्या उभ्या होत्या. आमच्या गाइडच्या आईच्या घरावर अजून निळी ताडपत्रीच होती. त्याची बहीण बेट सोडून गेली होती आणि परत येणार नव्हती. जो थकून गेला तो पाहुण्याला भेटतच नाही. जो टिकला तोच होडीवर हसून हात पुढे करतो. त्याला बघून आपण अख्ख्या बेटाला चिवट म्हणतो.

हे बोलायला मला कॅरिबियनमध्ये जायची गरज नव्हती, असंही वाटतं. ३ जून २०२०ला निसर्ग वादळाने श्रीवर्धन-दिवेआगरच्या नारळी-पोफळीच्या वाड्या आडव्या केल्या. पोफळ लावल्यापासून पीक हाती यायला पाच-सात वर्षं जातात. वर्षभरात मुंबई-पुण्याहून पर्यटक परतले, किनारा साफ दिसला, कोकणी माणूस कसा काटक म्हणून कौतुक झालं आणि घरामागची उघडी वाडी बघायला फारसं कुणी गेलं नाही. तीही माणसं सोसतात, अंगावर काढतात, आणि आपण त्यालाच बळ समजतो.

चिवटपणाचं कौतुक बघणाऱ्याला सुटका देतं. ते सावरणारच आहेत म्हटलं की त्यांचं काही देणं लागतो का, हा प्रश्न उरत नाही. डॉमिनिकाने जगाच्या हवेत सोडलेला कार्बन नगण्य आहे. मी तिथवर पोचायला ज्या विमानांत बसले, त्यांनी सोडलेला नगण्य नव्हता. मारियानंतर काही दिवसांतच स्केरिट संयुक्त राष्ट्रांपुढे उभे राहिले आणि हवामानबदलाला तोंड देऊ शकणारा जगातला पहिला देश होण्याचं ध्येय त्यांनी पुढे ठेवलं. नवी घरं काँक्रीटची बांधायला घेतली, त्यासाठी लागणारा पैसा बराचसा आला तो नागरिकत्व विकून. या धोरणावर टीका पुष्कळ झाली आहे आणि तिच्यात तथ्यही असेल. पण ज्याच्यापाशी विकायला पारपत्राशिवाय फारसं काही उरलेलं नाही, त्याला नैतिकता शिकवण्याआधी हिशेब बघावा. हवामानबदलाने होणाऱ्या हानीसाठी जागतिक निधी उभारायचं २०२२मध्ये शर्म-अल-शेखच्या हवामान परिषदेत ठरलं. २०२३मध्ये दुबईला श्रीमंत देशांनी त्यात मिळून जे द्यायचं कबूल केलं, ते सुमारे ७० कोटी डॉलर. सगळ्या जगातल्या गरीब देशांसाठी. एकट्या डॉमिनिकाचं एका रात्रीचं नुकसान १३० कोटींचं होतं.

ऑक्टोबर २०२५च्या अखेरीस मेलिसा वादळ जमैकावर आदळलं, वारा ताशी २९५ किलोमीटर. त्यानंतर ओळखीतल्या दोघा-तिघांनी विचारलं की इतक्यात तिथे डायव्हिंगला जावं का. मी हो म्हटलं. राहायला स्थानिक माणसाचं घर बघा, सागरी राखीव क्षेत्राचं शुल्क घासाघीस न करता भरा, आणि गाइडला सर्वात सुंदर जागेइतकीच सर्वात मोडलेली जागाही दाखवायला सांगा. परत आल्यावर फोटो दोन्हींचे दाखवा. एकीने विचारलं, मोडलेलं बघायला एवढे पैसे खर्चून कोण जाईल? मी तिला स्पंजाचा तो फोटो पाठवला, आणि शेजारच्या करड्या प्रवाळाचाही.