आपण की तुम्ही?

छावणीतून डोंगर गाठायला फार लांब जावं लागत नाही. पुण्यातले सहकारी राजगड-तोरण्याचे फोटो टाकतात, मी गोगाबाबा टेकडीचा टाकतो. कोणीतरी हमखास विचारतं, ही कॉलेजच्या मागची टेकडी का? हो, विद्यापीठाच्या मागचीच. पहाटे चढायचं, शहर जागं होताना बघायचं आणि ऊन तापायच्या आत खाली येऊन पोहे खायचे. पडेगाव-मिटमिट्यावरून शरणापूर फाट्यापर्यंत सायकल दामटली की भांगसीमाता गड. तो तर इतका छोटा की चढण्यापेक्षा वर बसण्यातच जास्त वेळ जातो.

पण आवडती चढाई कोणती, असं कोणी विचारलं तर माझं उत्तर ठरलेलं होतं. इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला होतो तेव्हाचा जुलै, देवगिरी, आम्ही चौघं. बारादरीवर पोहोचलो आणि ढग खाली उतरले. किल्ला, खंदक, रस्ता सगळं गायब. वारा असा की बोललेलं ऐकू येईना. उतरल्यावर भाजलेली कणसं खाल्ली. ही गोष्ट मी इतक्यांदा सांगितलीय की तिची वाक्यंसुद्धा पाठ झालीत.

मागच्या महिन्यात त्या चौघांतल्या एकाशी फोनवर बोलत होतो. बोलता बोलता म्हणालो, "आपण देवगिरीला गेलो होतो ना, त्या पावसात..."

तो म्हणाला, "तुम्ही गेला होता. मी खाली होतो."

रागानं नाही. एखाद्या फॉर्ममधली चुकीची तारीख दुरुस्त करावी, तसं.

देवगिरीच्या वर जाताना खंदक ओलांडला की अंधारी लागते. शत्रूला चकवण्यासाठी खडकातून नेलेली वळणावळणाची वाट, मिट्ट काळोख, वटवाघळांचा वास. दोन वळणांनंतर तो थांबला. त्याला श्वास घेता येईना. मी म्हणालो, "तू बस बाहेर, आलोच आम्ही." तो बरं म्हणाला. आम्ही दोन तासांनी आलो.

माझ्या गोष्टीत हा भाग नव्हताच. मी तो मुद्दाम काढला नव्हता, सांगता सांगता तो गळून गेला होता.

मराठीत 'आम्ही' आणि 'आपण' हे दोन वेगळे शब्द आहेत. 'आम्ही'त ऐकणारा बाहेर राहतो, 'आपण'मध्ये आत येतो. हिंदीत दोन्हींना 'हम'च. त्याच्याशी बोलताना मी 'आपण' म्हणालो आणि त्यानं स्वतःला बाहेर काढून घेतलं.

मग प्रश्न असा की, त्या दिवसाला मी अजूनही आवडता म्हणू शकतो का? सगळ्यांना आनंद होईपर्यंत कोणी आनंद घ्यायचाच नाही म्हटलं, तर कोणी कुठेच चढणार नाही. बारादरीवरचा वारा खोटा नव्हता. याच डोंगरावरून 1327 मध्ये तुघलकानं हिंदुस्थानच्या राजधानीचं स्वप्न पाहिलं, आणि त्यासाठी दिल्लीतून आणलेल्यांच्या वाट्याला आली ती पायपीट. दोन्ही खरंच.

बर्नार्ड विल्यम्स या इंग्रज तत्त्वज्ञानं 1976 मध्ये एका ट्रकचालकाचं उदाहरण दिलं होतं. त्याची काही चूक नसताना त्याच्या ट्रकखाली मूल येतं. आपण त्याची समजूत काढतो, आणि ती काढायलाच हवी. पण तो चटकन समजला, तर आपल्यालाच कसंतरी वाटतं. घडलेलं आपल्या हातून घडलं, एवढ्यानंच एक खंत उरते, ती इतरांच्या हळहळीपेक्षा वेगळी. मला हे पटतं. फक्त तो आधार घ्यायला माझी बाजू तितकी स्वच्छ नाही. मोबाइलच्या टॉर्चमध्ये मी त्याचा चेहरा पाहिला होता. त्याचं 'बरं' हे खरं 'बरं' नाही, एवढं मला तेव्हाही कळलं होतं. पण वर ढग उतरत होते आणि मला घाई होती.

आमच्या कामात गिट नावाचं साधन आहे. त्यात मागचा इतिहास पुसून पुन्हा लिहिता येतो. पथ्य एकच: जो इतिहास दुसऱ्यानं आपल्या मशीनवर घेतलाय, तो परस्पर बदलायचा नाही, पुढे दुरुस्तीची नोंद जोडायची. म्हणून तो दिवस नावडता ठरवून मोकळं व्हावं, हेही मला पटेना. त्यात पुन्हा मीच एकटा ठरवणार.

त्याला फोन करून माफी मागितली. "एवढं काय त्यात," म्हणाला, आणि मग बराच वेळ बोलत राहिला. खाली बसून त्यानं किती शाळांच्या सहली वर जाताना मोजल्या, तेही सांगितलं.

गेल्या रविवारी तो इथे आला होता. मकबऱ्यामागच्या औरंगाबाद लेण्यांना गेलो. पायऱ्या त्याच्या चालीनं चढलो. मला ते जमायला वेळ लागला, हे कबूल करतो. सातव्या लेण्यात अवलोकितेश्वराचं शिल्प आहे. भोवती संकटात सापडलेली माणसं: आग, तलवार, बेड्या, बुडती नाव, सिंह, साप, हत्ती, मृत्यू. तो दारात उजेडाच्या बाजूला उभा राहून एकेक मोजत होता.

"आठ आहेत," म्हणाला. "अंधार नाहीये यात."

मग विचारलं, "पुढचं लेणं किती आत आहे?"

मी आधी बघून आलो.