लहान आहे, विसरून जाईल

आपल्याकडे मुलांच्या दुखण्याबद्दल एक वाक्य फार सहज बोललं जातं. ‘लहान आहे, विसरून जाईल.’ कान टोचताना, लस देताना, टाके काढताना, आणि ऑपरेशन झाल्यावरसुद्धा. बोलणाऱ्याच्या मनात वाईट काही नसतं. उलट घाबरलेल्या आईला धीर द्यायचा असतो. पण या वाक्यात एक दावा दडलेला आहे आणि तो मला गेले काही महिने स्वस्थ बसू देत नाहीये. दावा असा की जे पुढे आठवणारच नाही, ते सोसावं लागलं तरी फारसं बिघडत नाही.

हे खरं आहे का?

समजा, उद्या तुमचं अपेंडिक्सचं ऑपरेशन आहे. डॉक्टर म्हणतात, “भूल देणार नाही. हातपाय हलू नयेत म्हणून एक इंजेक्शन देऊ. तुम्हाला ओरडता येणार नाही, पण सगळं जाणवेल. शेवटी मात्र असं औषध देऊ की तो तास डोक्यातून पुसला जाईल.” तुम्ही फॉर्मवर सही कराल? मी नाही करणार. माझ्या ओळखीचं कुणीच करणार नाही. म्हणजे वेदना वाईट असते ती ज्या घटकेला होते त्या घटकेलाच. नंतरची आठवण हे त्यावरचं व्याज. मुद्दल आधीच वसूल झालेलं असतं. ज्या आजोबांना सकाळचं संध्याकाळी आठवत नाही, त्यांची जखम धुताना आपण ‘विसरतीलच की’ म्हणून खसाखसा घासत नाही. मग तीन वर्षांच्या मुलाला वेगळा नियम का?

हा नुसता वाद घालायचा विषय असता तर बरं झालं असतं. पण ती अशक्य वाटणारी भूल, स्नायू लुळे आणि जाणीव जागी, खरोखर दिली जात होती. बाळांना. आणि फार जुनी गोष्ट नाही.

१९८५ साली अमेरिकेत, वॉशिंग्टनमध्ये, जेफ्री लॉसन नावाचं बाळ दिवस भरण्याच्या खूप आधी जन्माला आलं. छाती उघडून त्याच्या हृदयाजवळची एक रक्तवाहिनी बांधावी लागली. त्या वेळी त्याला दिलं होतं ते फक्त स्नायू लुळे करणारं औषध. वेदना थांबवणारं काहीही नाही. काही आठवड्यांनी बाळ गेलं. आईला, जिल लॉसनना, हे सगळं नंतर कागदपत्रांवरून कळलं. त्यांनी जाब विचारला तेव्हा उत्तर मिळालं की इतक्या लहान बाळांना वेदना होतात हे कुणी सिद्ध केलेलं नाही. त्या गप्प बसल्या नाहीत. पत्रं लिहीत राहिल्या आणि १९८६ मध्ये ‘वॉशिंग्टन पोस्ट’ने हा प्रश्न लोकांसमोर आणला. तेव्हा दिसलं की हा एका डॉक्टरचा निष्काळजीपणा नव्हता. अनेक ठिकाणी रीतच तशी होती.

ती रीत आली कुठून? एक धागा थेट १९४१ पर्यंत जातो. मर्टल मॅकग्रॉ या मानसशास्त्रज्ञ बाईंनी ७५ बाळांना टाचणी टोचून त्यांच्या प्रतिक्रिया नोंदवल्या. अगदी नवजात बाळांचा प्रतिसाद कमी किंवा अस्पष्ट दिसला. त्यावरून समज पक्का होत गेला की बाळाचा मेंदू अजून कच्चा असतो, त्याचं आक्रसणं ही नुसती प्रतिक्षिप्त क्रिया असते. दुसरं कारण मात्र खरोखरच्या भीतीचं होतं. एवढ्याशा जिवाला भुलीची औषधं सोसवतील का, रक्तदाब घसरून बाळ हातचं जाईल का? त्या काळच्या डॉक्टरांना राक्षस ठरवून मोकळं होणं सोपं आहे, पण त्याने काही कळत नाही. त्यांच्यासमोर प्रश्न होता ‘जीव की वेदना’. त्यांनी जीव निवडला.

फक्त तो प्रश्नच चुकीचा निघाला. इंदूरच्या मेडिकल कॉलेजात शिकलेले आणि पुढे ऱ्होड्स शिष्यवृत्तीवर ऑक्सफर्डला गेलेले कंवलजीत सिंग आनंद हे तरुण डॉक्टर पाहत होते की ऑपरेशनहून परत आलेली नवजात बाळं फार खालावलेली असतात. ऑपरेशनच्या वेळी काही बाळांना नेहमीच्या पद्धतीसोबत फेंटानिल हे जोरकस वेदनाशामक दिलं गेलं, काहींना नाही. १९८७ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये निष्कर्ष छापून आले. औषध मिळालेल्या बाळांच्या रक्तात ताणाची संप्रेरकं कमी होती आणि ऑपरेशननंतरची गुंतागुंतही कमी. म्हणजे वेदना थांबवणं ही जिवावरची चैन नव्हती, जीव वाचवण्याचाच तो भाग होता. त्याच वर्षी अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने जाहीर केलं की नवजात बाळांनाही भूल आणि वेदनाशामक द्यायला हवं.

आणि ‘विसरून जाईल’चं काय? १९९७ मध्ये टोरंटोच्या ॲना टॅडिओ आणि सहकाऱ्यांनी, जन्मानंतर लगेच सुंता झालेली मुलगे चार ते सहा महिन्यांचे असताना लस घेताना कसे वागतात ते पाहिलं. सुंतेच्या वेळी काहीही न लावलेली मुलं इतरांपेक्षा जास्त कळवळली. त्यांना काही ‘आठवत’ असेल असं कुणी म्हणणार नाही. पण शरीराने हिशेब ठेवला होता.

मला यात सगळ्यात अस्वस्थ करणारी गोष्ट दिसते ती ही, की पुरावा कुणाकडे मागितला गेला. मोठा माणूस ‘दुखतंय’ म्हणाला की आपण बहुतेक वेळा मानतो. बाळाला मात्र आधी सिद्ध करावं लागतं, आणि सिद्ध करायचं साधन म्हणजे बोलणं, तेच त्याच्याकडे नसतं. दुसऱ्याच्या वेदनेबद्दल शंभर टक्के खात्री कधीच नसते, मोठ्यांच्या बाबतीतही नाही. खात्री नसताना आपण कुणाच्या बाजूने चूक करायला तयार आहोत, एवढंच आपल्या हातात असतं.

हे मी पुस्तकातून शिकले असते तर कदाचित लिहिलंही नसतं. माझ्या बहिणीच्या साडेतीन वर्षांच्या मुलाचं गेल्या वर्षी हर्नियाचं ऑपरेशन झालं. रात्री बहिणीसोबत मी थांबले होते. दुपारी पठ्ठ्या मजेत होता, कारण ऑपरेशनच्या वेळी पाठीत खाली दिलेल्या इंजेक्शनचा असर होता. असा असर काही तासांनी उतरतो. संध्याकाळी तो गप्प झाला. गुडघे पोटाशी घेतले. मोबाईलवर कार्टून लावलं तर मान फिरवली. फाईलवर वेदनाशामकापुढे ‘एसओएस’ लिहिलेलं, म्हणजे लागलं तरच द्यायचं. सिस्टर म्हणाल्या, “रडत नाहीये ना? रडला की सांगा, देऊ.” त्याला विचारलं तर तोही नाही म्हणाला. थोड्या वेळाने आईच्या कानात कुजबुजला, “सांगितलं तर सुई टोचतील.”

त्या सिस्टरांवर माझा राग नाही. वॉर्डभर पेशंट आणि त्या एकट्या. रात्रपाळीच्या दुसऱ्या सिस्टर आल्या, मिनिटभर त्याच्याकडे नुसत्या बघत उभ्या राहिल्या, त्याच्या गुडघ्यांना हलकेच हात लावला आणि म्हणाल्या, “हा दुखतंय म्हणून गप्प आहे.” सुई नव्हतीच, तोंडाने घ्यायचं सिरप होतं. तासाभराने साहेबांनी बिस्कीट मागितलं.

दुसऱ्या सिस्टरांनी जे केलं त्याला एक साधी पद्धत आहे. ‘फ्लॅक’ नावाचं एक मोजमाप १९९७ पासून वापरात आहे, बोलून सांगू न शकणाऱ्या लहान मुलांसाठी. त्यात पाच गोष्टी बघतात: चेहरा, पाय, अंगाची हालचाल, रडणं आणि जवळ घेतल्यावर मूल शांत होतं का. प्रत्येकाला शून्य ते दोन गुण, एकूण दहा. नीट बघा, रडणं ही पाचांतली एकच गोष्ट आहे. उरलेल्या चार गोष्टी न रडणारं मूलही सांगत असतं, बघणारं कुणी असेल तर. वेदनेच्या अभ्यासकांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने २०२० मध्ये वेदनेची व्याख्या सुधारली, तेव्हाही स्पष्ट लिहिलं की सांगता येत नाही याचा अर्थ वेदना नाही असा होत नाही.

मग शंका आली की द्या औषध, एवढं सोपं आहे का? नाही. टॉन्सिलच्या ऑपरेशननंतर मुलांना कोडीन सर्रास दिलं जायचं. शरीर कोडीनचं मॉर्फिन करतं, पण काही मुलांच्या शरीरात हे इतक्या झपाट्याने होतं की श्वास मंदावतो. अशी मुलं दगावली आणि २०१३ मध्ये अमेरिकेच्या औषध नियामकाने या ऑपरेशननंतर मुलांना कोडीन देऊ नये असा कडक इशारा दिला. आपल्याकडे निमेसुलाइड बारा वर्षांखालच्या मुलांसाठी २०११ मध्ये बंद झालं. साध्या पॅरासिटामॉलचाही डोस मुलाच्या वजनावर ठरतो, आणि थेंबांची बाटली नि सिरपची बाटली यांची ताकद वेगळी असते, त्यामुळे चमच्याचा अंदाज चालत नाही. म्हणजे ‘देऊन टाका’ हासुद्धा आळसच, ‘विसरून जाईल’सारखा. दोन्हींत मुलाकडे बघायचं टळतं.

माझ्या लेखी नैतिक जबाबदारी औषध देण्याची नाही, बघत राहण्याची आहे. औषध त्यातून ठरतं.

आणि बघण्याइतकंच महत्त्वाचं, खोटं न बोलणं. ‘काही दुखणार नाही’, ‘शूर मुलं रडत नाहीत’ ही वाक्यं प्रेमाने म्हटली जातात. पण पहिल्या वाक्याने मूल शिकतं की मोठ्यांच्या शब्दाचा भरवसा नाही, आणि दुसऱ्याने शिकतं की दुखणं लपवलं की शाबासकी मिळते. लपवायला शिकलेल्या मुलाला मग आपणच म्हणतो, बघा, याला काही दुखत नाही. त्यापेक्षा ‘थोडं दुखेल. दुखलं की मला सांग, सुई न टोचता औषध देता येतं का ते आपण विचारू,’ हे साडेतीन वर्षांच्या मुलाला कळतं. अट एवढीच की सांगितल्यावर खरंच विचारायचं.

तुमच्यापैकी बऱ्याच जणांवर अजून आईबाप व्हायची वेळ आली नसेल, पण दवाखान्यात रात्री थांबायला तरुण मावशी, काका, दादा, ताई यांनाच पाठवतात. तेव्हा निघण्याआधी डॉक्टरांना तीन गोष्टी विचारून घ्या. भुलीचा असर साधारण किती वाजता उतरेल? तो उतरायच्या आधी कोणतं औषध, वजनाप्रमाणे किती द्यायचं? आणि पहिले एक-दोन दिवस ते रडण्याची वाट न बघता ठरल्या वेळेला देता येईल का? उत्तरं फोनमध्ये लिहून ठेवा, अलार्म लावा. मग फोन बाजूला ठेवून मुलाकडे बघा.