खाडा आणि शनिवार

मी अकरावीत होतो. जानेवारीतली सकाळ होती आणि आमच्या उसाला तोड आली होती. वाळवा तालुक्यात, कृष्णेच्या काठाला, ज्याच्या उसाला तोड येते त्याच्या घरात त्या दिवशी दुसरा विषय नसतो. मी चहाची किटली घेऊन फडात गेलो, तेव्हा बीडकडून आलेली एक बाई मुकादमाशी बोलत होती. तिचं दोन वर्षांचं पोर तापानं फणफणलं होतं आणि तिला दवाखान्यात जायचं होतं.

"जा की," मुकादम म्हणाला. "खाडा पडंल."

ती गेली नाही. पोराला पाचटावर लुगड्याच्या सावलीत निजवून ती पुन्हा मोळ्या बांधायला लागली. आमचे आप्पा बांधावरच उभे होते. ते काही बोलले नाहीत. मीही कपात चहा ओतत राहिलो. संध्याकाळी ट्रॉली भरल्यावर ती दवाखान्यात गेली. पोरगं बरं झालं. गोष्ट तिथंच संपायला हवी होती.

ज्यांना 'खाडा' हा शब्द नवा आहे त्यांच्यासाठी सांगतो. ऊसतोडीत नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. हंगामाआधी मुकादम त्यांना उचल देतो आणि ती तोडणीतून फेडायची असते. एक दिवस कामावर गेलं नाही की खाडा. त्या दिवसाची मजुरी तर बुडतेच, वर दंडही कापला जातो. 2019 मध्ये बीडमधल्या ऊसतोड स्त्रियांची गर्भाशयं काढली जात असल्याच्या बातम्यांनी देश हादरला. सरकारने समिती नेमली. सुमारे 82 हजार स्त्रियांच्या पाहणीत 13 हजारांहून अधिक जणींची ही शस्त्रक्रिया झालेली निघाली. पाळीचे चार दिवसही खाडा ठरत असतील, तर बाई काय काय सोडून देते, ते त्या आकड्यात दिसतं.

पुढे नोकरीसाठी पुण्यात आलो. ऑफिसातली एक मैत्रीण शुक्रवारी सूर्य मावळला की फोन बंद करायची, तो शनिवारी रात्रीच सुरू व्हायचा. ती बेने इस्राएल. आडनावाच्या शेवटी 'कर', मूळ अलिबागकडचं, घरात मराठी. तिनंच मला सांगितलं की तोरा, म्हणजे मोशेची पाच पुस्तकं, 54 भागांत वाटलेली असतात. दर आठवड्याला एक पाराशा वाचायचा. वर्षाने शेवट आला की सिम्हत तोराच्या सणाला शेवटचं पान संपवून लगेच पहिल्यापासून सुरुवात. मला ही कल्पना आवडली. आपलं पारायण सात दिवसांचं, यांचं वर्षभराचं. तिच्याबरोबर मीही मराठी बायबलातून वाचायला लागलो, धर्म म्हणून नाही, सवय म्हणून.

'यित्रो' हा पाराशा जानेवारी-फेब्रुवारीत येतो. म्हणजे आमच्याकडे गळीत हंगाम भरात असताना. दहा आज्ञा याच भागात आहेत. पण भागाला नाव मोशेच्या सासऱ्याचं, जो परक्या देशाचा पुरोहित होता. जावई सकाळपासून संध्याकाळपर्यंत एकटाच न्यायनिवाडे करताना बघून तो त्याला सुनावतो: असं करशील तर तूही थकशील आणि लोकही. मग दोन अध्याय पुढे शब्बाथची आज्ञा येते. सातव्या दिवशी काम करायचं नाही. कोणी? तू, तुझा मुलगा, मुलगी, दास, दासी, तुझी जनावरं, आणि तुझ्या वेशीच्या आतला उपरा.

मी त्या यादीवर अडलो. सुट्टी म्हणजे आपल्या हक्काची, आपण कमावलेली, असंच मी धरून होतो. इथे आज्ञा ज्याला दिली आहे त्याच्याकडे दास आहेत, जनावरं आहेत. त्याला नुसतं 'तू थांब' म्हटलेलं नाही. ज्याला स्वतः थांबता येत नाही, त्याला थांबू दे, असं म्हटलंय. हीच आज्ञा पाचव्या पुस्तकात, 'वाएतहन्नान' या पाराशात पुन्हा येते आणि तिथे कारण बदलतं. पहिल्या वेळी कारण देवाचं, त्याने सहा दिवसांत सृष्टी करून सातव्या दिवशी विसावा घेतला. दुसऱ्या वेळी कारण माणसाचं, तूही मिसरात दास होतास ते विसरू नकोस.

बेने इस्राएलांच्या इतिहासात ही आज्ञा कशी तगली ते विलक्षण आहे. त्यांची परंपरा सांगते की पूर्वजांचं गलबत नवगावजवळ फुटलं, सात पुरुष आणि सात बायका वाचल्या. ग्रंथ गेले, भाषा गेली. कोकणात ते तेलाचे घाणे चालवू लागले. 'शेमा' प्रार्थना, सुंता, खाण्याचे काही नियम आणि शनिवार, एवढंच हाती राहिलं. पाराशा वाचायला पुस्तकच नव्हतं, पण शनिवारी घाणा बंद. म्हणून गाव त्यांना 'शनिवार तेली' म्हणू लागलं. घाण्याला बैल असतो. म्हणजे शतकानुशतकं ती आज्ञा वाचली गेली नाही तेव्हाही एक बैल दर शनिवारी उभा राहत होता.

हे लोक काही सावकार नव्हते. शनिवारी गिऱ्हाईक दुसऱ्या तेल्याकडे जात असणारच. तरी घाणा थांबला. 'परवडत नाही' हे उत्तर त्यांनाही देता आलं असतं.

याच पुस्तकांत जमिनीचाही शब्बाथ आहे. 'बेहार' पाराशात सांगितलंय की सातव्या वर्षी शेत पेरू नका, आपोआप उगवेल ते तुम्ही, तुमचा मजूर, उपरा आणि जनावरं, सगळ्यांनी खा. हे शमिता वर्ष शेवटचं 2021-22 मध्ये पाळलं गेलं. पुढच्याच पाराशात इशारा आहे: विश्रांती दिली नाही, तर तुम्ही हाकलले गेल्यावर जमीन ती स्वतः वसूल करेल. आमच्या नदीकडच्या वीस गुंठ्यांत उसावर ऊस आणि पाण्यावर पाणी देऊन मीठ फुटलंय. पांढरा थर आलाय, आता तिथे काही येत नाही. आप्पा त्याला चोपण म्हणतात. ते वाचल्यापासून मला वाटतं, त्या तुकड्याने आम्हाला न विचारता रजा टाकली आहे.

जमीन अशी रजा टाकू शकते. ती बाई टाकू शकत नव्हती.

यंदा यित्रोच्या आठवड्यात मी आप्पांना फोन केला. म्हटलं, "तोडीच्या दिवशी कुणाला गरज पडली तर तिचा खाडा आपण भरू या."

"एकीचा भरशील," आप्पा म्हणाले. "फडात बारा कोयते हायती. आन् तोड चुकली की पंधरा दिस थांबायचं, ऊस वाळतोय, वजन घटतंय. ते कोण भरणार?"

त्यांचं चूक नव्हतं. शेतकरी कारखान्याकडे बोट दाखवतो, कारखाना मुकादमाकडे, मुकादम उचलीच्या वहीकडे. मी जरा चिडूनच म्हणालो, "बेंदराला बैलांना सुट्टी देता की नाही?"

"आरं, त्या दिशी सगळं गावच जुंपत न्हाय."

आप्पा सहज बोलून गेले, पण मला हवं होतं ते याच वाक्यात होतं. आषाढात बेंदूर येतो तेव्हा बैलाला धुतात, शिंगं रंगवतात, पुरणपोळी चारतात. त्या दिवशी औत जुंपणारा कोणी मोठा पापी असतो असं नाही, पण जुंपायची त्याला लाज वाटते, कारण शेजाऱ्याचा बैल उभा असतो. शनिवार तेल्याचा घाणाही असाच थांबत असणार. शेजारच्या घरातला घाणाही शनिवारी बंदच असायचा. विश्रांती ही चांगल्या माणसाच्या दयेवर सोडली की ती चहाच्या किटलीएवढी होते. ती सगळ्यांच्या कॅलेंडरात छापलेली असली, तरच वहीतल्या खाड्यापेक्षा जड भरते.

आठवड्यातून एक दिवस जिल्ह्यातले सगळे फड बंद, मजुरी न कापता, असं ठरलं तर कोणाचाच ऊस एकटा वाळणार नाही. हे सोपं नाही. साखरेचा हिशोब बदलेल, आमचाही बदलेल. पण गावाने बैलासाठी एक दिवस काढलाच आहे, म्हणजे काढता येतो.

फोन ठेवताना आप्पांना विचारलं, यंदा टोळी कुठली आलीय?

"बीडचीच. कोप्या वेशीबाहेर घातल्यात, दरसालसारख्या."