पिणाऱ्याला नवे यकृत का द्यावे?

‘करावे तसे भरावे’ ही म्हण आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. दारूपायी कोणी अंथरुणाला खिळला, त्याचे पोट पाण्याने फुगले, डोळे पिवळे झाले, की ती हमखास कानावर पडते. म्हणणाऱ्याच्या मनात दुष्टावा असतोच असे नाही. ज्या बायकोने वर्षानुवर्षे सोसले, ज्या मुलांच्या फीचे पैसे गुत्त्यावर गेले, त्यांच्याकडे पाहून तो बोलत असतो. तरीही या म्हणीपाशी आपण थोडे थांबायला हवे, असे आम्हांला वाटते. पूर्वी अशा माणसाला वाचवणे शक्यच नव्हते. त्यामुळे त्याला वाचवावे की नाही, हा प्रश्नही नव्हता. आता वैद्यकशास्त्राने तो आपल्या पुढ्यात आणून ठेवला आहे.

माणसावरील यकृताचे पहिले प्रत्यारोपण डॉ. थॉमस स्टार्झल यांनी १९६३ साली अमेरिकेत डेन्व्हर येथे केले. तो लहानगा रुग्ण शस्त्रक्रियेच्या टेबलावरच दगावला. खरे यश मिळायला १९६७ साल उजाडले. पुढे, शरीर परके यकृत झिडकारते ते रोखणारे सायक्लोस्पोरिन हे औषध आले आणि १९८३ साली अमेरिकेतील तज्ज्ञांच्या परिषदेने प्रत्यारोपण हा आता नुसता प्रयोग नसून उपचार आहे, असे मान्य केले. आपल्या देशात अवयव-प्रत्यारोपणाचा कायदा १९९४ साली झाला आणि १९९८ साली येथेही यकृताचे प्रत्यारोपण यशस्वी झाले.

परंतु यकृत कारखान्यात तयार होत नाही. मूत्रपिंड निकामी झाले तर डायलिसिसवर वर्षे काढता येतात. यकृताला तसा टिकाऊ पर्याय नाही. मेंदूमृत दात्यांचे अवयव थोडे आणि वाट पाहणारे पुष्कळ. एकाला दिले की दुसऱ्याला नाही म्हणावे लागते. मग प्रश्न उभा राहतो: जन्मजात विकाराने आजारी असलेले मूल आणि वीस वर्षे दारू प्यायलेला पुरुष एकाच यादीत कसे?

अल्विन मॉस आणि मार्क सिग्लर या दोन अमेरिकी डॉक्टरांनी १९९१ साली हा प्रश्न उघडपणे मांडला. दारूचे व्यसन हा आजार आहे हे त्यांनी नाकारले नाही. पण त्या आजारावर वेळेत उपचार घेण्याची जबाबदारी त्या माणसाची होती, ती त्याने पाळली नाही. म्हणून ज्यांचा काहीच दोष नाही त्यांना आधी यकृत मिळावे, असे त्यांचे म्हणणे होते. पिणाऱ्यांना अवयव दिले तर लोक अवयवदान करायला पुढे येणार नाहीत, अशीही त्यांना भीती होती. हा विचार निर्दयी म्हणून झटकून टाकण्यासारखा नाही. यादीतल्या त्या मुलाची आई आपल्यासमोर उभी राहिली तर आपणही कदाचित तेच म्हणू.

त्याच वेळी कार्ल कोहेन आणि मार्टिन बेंजामिन या नीतितज्ज्ञांनी उलट प्रश्न विचारला: इतर रुग्णांच्या चारित्र्याची आपण अशी परीक्षा घेतो का? वेगाने गाडी हाकून अपघात करणाऱ्याला आपण रक्त देतो. विड्या ओढून हृदय बिघडवलेल्याची बायपास करतो. पथ्य न पाळणाऱ्या मधुमेह्याला इन्सुलिन देतो. मग दोषाचा हिशेब फक्त दारूबाजाच्या खाटेपाशीच का मांडायचा?

शिवाय हा हिशेब बरोबर मांडता येतो का, हेही पाहिले पाहिजे. दोघे मित्र वीस वर्षे एकाच बाकावर बसून सारखीच पितात. एकाला सिरॉसिस होतो, दुसरा म्हातारपणापर्यंत हिंडतो-फिरतो. खूप पिणाऱ्यांपैकी साधारण १० ते २० टक्क्यांनाच सिरॉसिस होतो, असे अभ्यास सांगतात. एका विशिष्ट जनुकाच्या एका रूपाचा यकृतात चरबी साठण्याशी संबंध असल्याचे २००८ साली दिसून आले. पुढे दारूमुळे होणाऱ्या सिरॉसिसशीही त्याचा संबंध जुळला. स्त्रियांच्या यकृताला कमी दारूनेही इजा होते. म्हणजे चूक सारखी, पण शिक्षा सारखी नाही. जे भोग वाट्याला आले त्यांवरून पापाचे माप काढणे किती फसवे असते, हे यावरून कळावे.

प्रत्यारोपणाआधी सहा महिने दारू सोडलेली असावी, असा नियम अनेक देशांतील रुग्णालयांनी घालून घेतला. त्यामागे चांगली कारणे होती. दारू थांबली की काहींचे यकृत आपणहून सावरते, आणि रुग्णाचा निर्धारही कळतो. पण दारूमुळे यकृताला तीव्र सूज आलेले काही रुग्ण कोणत्याही औषधाला दाद देत नाहीत. त्यांतील बहुतेक सहा महिने जगतच नाहीत. त्यांच्यासाठी तो नियम म्हणजे नियमाच्या रूपात आलेला मृत्युलेखच होता.

अशा रुग्णांविषयी फ्रान्स व बेल्जियममधील डॉक्टरांनी २०११ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांनी २६ जणांना सहा महिने न थांबता यकृत दिले. सहा महिन्यांनंतर त्यांतील ७७ टक्के जिवंत होते. तशाच पण प्रत्यारोपण न झालेल्या रुग्णांपैकी केवळ २३ टक्के. पुढील काळात २६ पैकी तिघे पुन्हा प्यायले. मात्र निवड फार कडक होती: यकृताचा तसा झटका पहिल्यांदाच आलेला, घरच्यांचा भक्कम आधार असलेला आणि दारू सोडण्याची तयारी असलेला रुग्णच घेतला जाई. अमेरिकेतील १२ केंद्रांमधील अशा १४७ रुग्णांची पाहणी २०१८ साली प्रसिद्ध झाली. त्यांतील ९४ टक्के एका वर्षानंतर आणि ८४ टक्के तीन वर्षांनंतर जिवंत होते.

दुसरी बाजूही लपवता येणार नाही. २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या फ्रान्स व बेल्जियममधील पाहणीत, असे लवकर यकृत मिळालेल्यांपैकी सुमारे एक तृतीयांश रुग्ण दोन वर्षांत पुन्हा प्यायले. सहा महिने थांबून यकृत मिळालेल्यांमध्ये हे प्रमाण सुमारे एक चतुर्थांश होते. दिलेले दान काही जण वाया घालवतील, हे खरे आहे. पण तीनांतले दोघे दोन वर्षे दारूपासून दूर राहिले, हेही तितकेच खरे आहे.

अवयव थोडे म्हणूनच आपण निवड करतो, असे आपण म्हणतो. ते कितपत खरे आहे, हे हिपॅटायटिस-सीच्या औषधाने दाखवून दिले. या विषाणूवर सोफोस्बुव्हिर हे रामबाण औषध २०१३ च्या अखेरीस अमेरिकेत आले. बारा आठवड्यांच्या गोळ्यांची किंमत ८४,००० डॉलर होती. गोळ्या हव्या तेवढ्या बनवता येतात. तरीही तेथील अनेक राज्यांच्या सरकारी आरोग्य योजनांनी दारू किंवा मादक द्रव्ये घेणाऱ्यांना, ती सोडल्याशिवाय हे औषध द्यायचे नाही असे ठरवले. तेथे तुटवडा पैशांचा होता, आणि कात्री आधी ‘बदनाम’ रुग्णांवर चालली. पुढे भारतीय कंपन्यांनी तेच औषध स्वस्तात बनवले आणि २०१८ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय कार्यक्रमातून ते आपल्याकडे मोफत मिळू लागले.

पोप जॉन पॉल दुसरे यांनी २९ ऑगस्ट २००० रोजी रोम येथे प्रत्यारोपण-तज्ज्ञांच्या जागतिक परिषदेपुढे भाषण केले. अवयव कोणाला द्यायचा हे ठरवताना वंश, धर्म, सामाजिक स्थान यांवरून भेदभाव होऊ नये. माणूस समाजाला किती उपयोगी आहे हेही पाहू नये. निर्णय वैद्यकीय निकषांवरच व्हावा, असे त्यांनी सांगितले. मद्यपींचा त्यांनी वेगळा उल्लेख केला नव्हता. पण ‘हा माणूस लायक आहे का?’ या प्रश्नाऐवजी ‘याला गरज किती, आणि उपचाराचा गुण येईल का?’ हा प्रश्न विचारावा, अशी दिशा त्यातून आम्हांला मिळते. रुग्ण पुन्हा पिईल का, हे डॉक्टरांनी जरूर पाहावे, कारण त्यावर नव्या यकृताचे आयुष्य अवलंबून आहे. ती उद्याची काळजी झाली. कालची शिक्षा देणे हे डॉक्टरांचे काम नव्हे.

येथे आपल्या देशातील एक वेगळी गोष्ट ध्यानात घ्यायला हवी. आपल्याकडे बहुतेक यकृत-प्रत्यारोपणे जिवंत दात्यांच्या यकृताचा तुकडा घेऊन होतात. निरोगी माणसाचे उरलेले यकृत काही महिन्यांत पुन्हा बरेचसे वाढते. तरी शस्त्रक्रिया मोठी आहे आणि दात्याच्या जिवालाही थोडा पण खरा धोका असतो. राष्ट्रीय आकडेवारीनुसार १९९५ ते २०२१ या काळात आपल्या देशात ज्यांना कोणताही अवयव मिळाला, त्यांच्यात दर पाचांत चार पुरुष होते. देणाऱ्यांत मात्र बायका, आया, बहिणी अधिक. म्हणून पिणाऱ्यावर दया करा असे म्हणताना त्या दयेची किंमत कोण मोजणार, हे आपण विचारले पाहिजे. जिने मार खाल्ला, कर्ज फेडले, तिलाच ‘आता यकृतही दे’ असे सासर-माहेरने बजावणे ही दया नव्हे. तिच्याशी एकटीशी बोलले पाहिजे, आणि तिने ‘नाही’ म्हटले तर त्या शब्दाचा मान राखला पाहिजे. दान मागता येते, वसूल करता येत नाही. आणि तिने ‘हो’ म्हटलेच, तर त्याने उरलेले आयुष्य दारूला न शिवता काढणे, ही त्या दानाची सर्वांत साधी फेड आहे.

मग आपण काय करू शकतो? मरणोत्तर अवयवदानाची इच्छा घरच्यांना आजच सांगून ठेवावी. कारण दाते वाढले की आईला आणि पिणाऱ्याला एकमेकांविरुद्ध उभे करणारी ही यादीच लहान होईल, आणि बायकांवरचा भारही हलका होईल. पिणाऱ्या नातलगाला डोळे पिवळे होण्याची वाट न पाहता डॉक्टरांकडे न्यावे. यकृताचे नुकसान सुरुवातीला मुकाटपणे होते, पण तेव्हाच दारू सुटली तर ते पुष्कळदा भरून निघते. ए.ए.च्या सभेला त्याला सोबत करावी. आणि लाजेखातर कोणी आजार लपवू नये म्हणून ‘बेवडा’ हा शब्द निदान आजाऱ्याच्या घरात तरी उच्चारू नये.

‘करावे तसे भरावे’ ही म्हण स्वतःला सावरण्यासाठी चांगली आहे. ती ज्याने त्याने स्वतःला जरूर ऐकवावी. खाटेवर पडलेल्याला मात्र ती ऐकवू नये. त्याचे भरणे चालूच आहे.