पाहुण्यांच्या आधीचा महिना

महाराष्ट्रातल्या घराची वर्षातली सर्वांत केविलवाणी अवस्था आणि वर्षातली सर्वांत मोठी पाहुण्यांची वर्दळ, यांच्यात जेमतेम महिनाभराचं अंतर असतं. ऑक्टोबरच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात पाऊस काढता पाय घेतो तेव्हा भिंतींत ओल मुरलेली असते, दारं फुगून चौकटीत अडकत असतात, गाद्यांना कुबट वास येत असतो, आणि कपाट जरा पुढे ओढलं तर मागे काळी बुरशी दिसते. नेमका याच सुमारास फोन येतो. भाऊबीजेला आम्ही चौघं येतोय, दोन दिवस राहू. आनंद तर होतोच, पण फोन ठेवता ठेवता नजर भिंतीवर जाते आणि त्या घरापुरती दिवाळीची काळजी सुरू होते.

ही काळजी आपल्याआधी बाजाराला कळलेली असते. जुना सोफा द्या, नवा न्या. दोन दिवसांत घर रंगवून देतो. बिनव्याजी हप्ते. सणासुदीच्या जाहिरातींतल्या घरात पाहुणे नेहमी हसत सोफ्यावर बसलेले असतात. कुणी झोपलेलं नसतं, कुणाची आंघोळ खोळंबलेली नसते, मोबाइल चार्ज करायला कुणी जागा शोधत नसतं. प्रत्यक्षात मुक्कामाला आलेला माणूस तास-दोन तास सोफ्यावर बसतो आणि बाकीचा सगळा वेळ तुमचं घर वापरतो. तेव्हा घर दाखवायला काढायचं आहे की वापरायला द्यायचं आहे, हे आधी ठरवावं. माझा कौल वापराच्या बाजूनं आहे. तो एकदा लावला की खर्चाची यादी बरीच आखूड होते आणि तिचा क्रमही पालटतो.

क्रम तसा आपल्याकडे ठरलेला होताच. पितृपक्षात नवी खरेदी करायची नाही, ही प्रथा घ्या. तिच्यामागची श्रद्धा काहीही असो, तिच्यामुळे पंधरा दिवस घरात नवं काही येत नाही आणि जुनं काढून टाकायला सवड मिळते. मग घटस्थापनेच्या आधी सगळी अंथरुणं-पांघरुणं नदीवर, ओढ्यावर, कालव्यावर किंवा आता बोअरच्या पाण्याखाली निघतात. मराठवाड्यात याला दसरा काढणं म्हणतात. कोजागरीला दूध गच्चीवर आटवायचं असतं, त्या निमित्तानं शेवाळ खरवडलं जातं आणि पाइपाच्या तोंडाशी अडकलेला पाला निघतो. कोकणात पावसानं धुपलेलं खळं माती टाकून, चोपण्यानं चोपून, शेणानं सारवून पुन्हा नवं करतात आणि त्यावर मांडव घालतात. हे सगळं खरं तर भात झोडण्यासाठी, पण दिवाळीला मुंबईहून आलेला चाकरमानी पहिली बैठक त्या खळ्यातच मारतो. घटस्थापनेपासून लक्ष्मीपूजनापर्यंत, म्हणजे आश्विन प्रतिपदेपासून अमावास्येपर्यंत, एक चांद्र महिना होतो. वर्षाची डागडुजी त्यात टप्प्याटप्प्यानं बसवलेली आहे. धर्म म्हणून ज्यांना तो पाळायचा नसेल त्यांनी देखभालीचं वेळापत्रक म्हणून पाळायला हरकत नाही.

या वेळापत्रकात एक गोष्ट पक्की आहे. आधी काढायचं, मग धुवायचं, मग वाळवायचं, आणि सजवायचं सर्वांत शेवटी. आकाशकंदील वसुबारसेच्या सुमारास चढतो, त्याआधी नाही. आपण हल्ली सजावटीपासून सुरुवात करतो आणि वाळवायचं तेवढं विसरतो.

भिंतीबद्दल जरा सविस्तर बोललं पाहिजे, कारण पैसा सर्वांत जास्त तिथेच वाया जातो. चार महिने पाणी प्यायलेली वीट ऑक्टोबरच्या उन्हात वरून कोरडी दिसू लागते, पण आतलं पाणी निघायला कित्येक आठवडे लागतात. ते निघताना विटेतले आणि गिलाव्यातले क्षार बरोबर घेऊन येतं. पाणी उडून जातं, क्षार पांढरी भुकटी होऊन राहतात, आणि वर रंगाचा घट्ट पापुद्रा असेल तर त्याला आतून ढकलून पोपडे पाडतात. अशा भिंतीवर दसऱ्याला चढवलेला ऑइलपेंट पुढचा पावसाळा बघेल याची खात्री कुणी देऊ नये. रंगाऱ्याला हे ठाऊक असतं. पण दिवाळीच्या तोंडावर त्याच्यामागे इतकी घरं लागलेली असतात की ‘थांबा’ म्हणणं त्यालाही परवडत नाही.

तपासायचा उपाय फुकटातला आहे. जाड पॉलिथिनचा हातभर तुकडा भिंतीवर चारही बाजूंनी चिकटपट्टीनं बंद करून लावायचा आणि दोन दिवस तसाच ठेवायचा. पॉलिथिनच्या आतल्या बाजूला दव जमलं तर भिंत अजून पाणी सोडते आहे, आणि रंगाचे पैसे खिशातच राहू द्यावेत. तोवर फुगलेले पोपडे पत्र्यानं खरवडून, भुकटी कोरड्या ब्रशनं झाडून (पाण्यानं धुतली तर क्षार विरघळून परत आत जातात), खिडकी उघडी ठेवून, पंखा लावून भिंतीला श्वास घेऊ द्यावा. ओल दरवर्षी एकाच जागी येत असेल तर दुखणं भिंतीत नाही. ते बाहेरच्या भेगेत, गच्चीत किंवा वरच्या मजल्यावरच्या न्हाणीघरात आहे, आणि ते शोधण्याआधी रंगावर घातलेला प्रत्येक रुपया पाण्यातच जाणार. हल्ली विटांचा देखावा छापलेले फोमचे ताव मिळतात, मागचा कागद सोलायचा आणि चिकटवून टाकायचे. ओल्या भिंतीवर यापेक्षा वाईट काही लावता येईल असं मला वाटत नाही. डाग झाकला जातो आणि बुरशीला हवा तसा दमट अंधार मिळतो.

जुन्या घरांचा चुना इथे आठवतो आणि तो केवळ हळवेपणानं नाही. चुनकळी पाण्यात टाकली की पाणी उकळू लागतं, रात्रभर मुरू दिलं की ती विरते. मग फडक्यानं गाळून, चिकटपणासाठी थोडा सरस किंवा डिंक, खुलून दिसावं म्हणून चिमूटभर नीळ, आणि दोन-तीन पातळ हात. चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषून पुन्हा चुनखडी होतो. त्याचा थर आतलं पाणी अडवत नाही, आणि ताजा असताना इतका दाहक असतो की बुरशीला त्यात जगता येत नाही. तोच दाह डोळ्यालाही होतो, म्हणून चष्मा घातल्याशिवाय आणि हातमोज्यांशिवाय या कामाला हात घालू नये. मर्यादाही सांगितली पाहिजे. ऑइलपेंट किंवा प्लास्टिक पेंटवर चुना धरत नाही, त्यामुळे फ्लॅटमधल्या बहुतेक खोल्यांना त्याचा उपयोग नाही. पण गावाकडचं घर, परसातली मोरी, कंपाउंडची भिंत, तुळशीवृंदावन, अशा जागी आजही त्याच्याइतकं स्वस्त आणि योग्य दुसरं काही नाही. फ्लॅटवाल्यांनी सगळं घर रंगवण्याचा हट्ट सोडून पाहुण्यांच्या खोलीची एक कोरडी भिंत रंगवावी. एका भिंतीत खोलीचा चेहरा पालटतो.

लाकडाचंही तेच. पावसाळ्यात दार अडतं म्हणून घाईनं सुतार बोलावून रंधा मारून घेतला की थंडीत लाकूड आकसतं आणि दाराला फट पडते. नोव्हेंबरपर्यंत कळ काढावी. बरीच दारं आपली आपण सुटतात. राहिली त्यांच्या बिजागरीला तेलाचे दोन थेंब आणि कडेला मेणबत्ती घासली की पुष्कळदा भागतं. मात्र न्हाणीघराच्या दाराची आतली कडी नीट बसते की नाही, हे आजच बघून ठेवा. परक्या घरात ती बसली नाही की पाहुण्याची काय अवस्था होते ते तो कधीच सांगत नाही.

पाहुणे पुष्कळ काही सांगत नाहीत. पंखा हळू फिरतो, उशी दगडासारखी आहे, ओला टॉवेल वाळत घालायला जागा नाही, रात्री उठल्यावर दिव्याचं बटण सापडत नाही. घरच्यांना हे सगळं सवयीनं दिसेनासं झालेलं असतं आणि पाहुणा संकोचानं गप्प राहतो. म्हणून पाहुण्यांच्या खोलीत आधी एक रात्र घरातल्या कुणीतरी झोपून बघावं, आणि तो कुणीतरी शक्यतो घरातला पुरुष असावा. का, ते पुढे येईलच. सकाळपर्यंत त्याच्या हाती जी यादी लागेल ती कुठल्याही सजावटीच्या पुस्तकात नसेल. हळू फिरणाऱ्या पंख्याचा बहुधा कंडेन्सर गेलेला असतो. तो शंभर रुपयांच्या आसपास मिळतो आणि वायरमन पाच मिनिटांत बसवून देतो. ऑक्टोबर हीटमध्ये आलेल्या माणसाला नव्या पडद्यांपेक्षा त्या पंख्याचं मोल जास्त. ठिबकणाऱ्या नळाला नवा वायसर, दाराच्या मागे दोन खुंट्या, पलंगाशेजारी एक एक्स्टेंशन बोर्ड. दिव्याबाबत माझं एक ठाम मत आहे. आपल्या घरांतून निळसर पांढऱ्या उजेडाचं जे राज्य चालू आहे, त्यात पाहुणा दवाखान्यात आल्यासारखा दिसतो. बल्ब घेताना खोक्यावरचा आकडा वाचावा. ६५०० केल्विन म्हणजे तो पांढरा उजेड, २७०० किंवा ३००० म्हणजे पिवळसर, जुन्या बल्बच्या जवळचा. स्वयंपाकघरात आणि अभ्यासाला पांढरा ठीक आहे. बसायच्या आणि झोपायच्या खोलीत पिवळा लावून बघा. नऊ वॅटचा एलईडी जुन्या साठ वॅटच्या बल्बचं काम करतो, त्यामुळे बिलाची भीती नाही.

अंथरुणांबद्दल थोडक्यात. सुती गादी टाकून देऊ नये. पिंजारी सापडला तर कापूस पिंजून नवी खोळ घालून घ्यावी, नाहीतर निदान सलग तीन-चार दिवस कडक ऊन द्यावं, दुपारी उलटून. गोधड्या धुऊन वाळल्या की त्यांत वेखंडाचे तुकडे ठेवावेत. दिवाळीत पहाटे गारवा असतो आणि रात्री उकाडा, म्हणून माणशी एक पातळ चादर आणि पायाशी एक गोधडी, एवढं पुरतं.

इथपर्यंत सगळं स्वस्तात झालं. आता या स्वस्ताईचा खरा हिशेब मांडला पाहिजे, कारण ‘कमी खर्चात घर सजवा’ छापाच्या सल्ल्यांत तो कधीच नसतो. गाद्यांना ऊन द्यायला पैसा लागत नाही, पण गाद्या गच्चीवर कोण नेतं? डबे घासायला पैसा लागत नाही, जळमटं काढायला, पडदे उतरवून धुवायला, रद्दी लावायला लागत नाही. बिनखर्चाच्या बहुतेक कामांचा खर्च घरातल्या एका बाईच्या पाठीवर आणि कमरेवर पडतो, आणि ती पाठ हिशेबाच्या वहीत नसते. केंद्र सरकारच्या २०१९ च्या वेळ-वापर पाहणीत, बिनमोल घरकाम करणाऱ्या बायका दिवसाला सरासरी २९९ मिनिटं त्यात घालवतात आणि जे पुरुष ते करतात ते ९७ मिनिटं, असं आढळलं. २०२४ च्या पाहणीत हे आकडे २८९ आणि ८८ झाले. म्हणजे बायकांची दहा मिनिटं कमी झाली, पण ती पुरुषांनी उचलली नाहीत, उलट त्यांचीही नऊ कमी झाली. ही वर्षभराची सरासरी आहे. त्यावर आश्विन महिन्यात साफसफाई आणि फराळाची भर पडते, तीही नेमकी एकाच वेळी, एकाच माणसावर. लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी आपण नव्या केरसुणीला हळदकुंकू वाहतो. महिनाभर जुनी केरसुणी जिच्या हातात होती ती तेव्हा स्वयंपाकघरात असते.

यावर कुणी म्हणेल, मग बाहेरून करून घ्या, सफाईला माणसं मिळतात. मिळतात, आणि ज्यांना परवडतं त्यांनी त्यांना सणाचा दर देऊन जरूर बोलवावं. घरकामाच्या मावशींकडून मात्र हे जादा काम बोनसच्या भरवशावर करून घेण्याची पद्धत वाईट आहे. बोनस वर्षभराच्या कामाचा असतो. माळे काढायचे तर त्याचे वेगळे पैसे आधी ठरवावेत. त्यांच्याही घरी दिवाळी आहे, पाहुणे आहेत, आणि भिंतीला ओल आहे.

माझ्या मते म्हणूनच कामांची यादी करताना प्रत्येक कामापुढे किंमत लिहू नये, नाव लिहावं. गाद्या कोण नेणार, पंखे कोण पुसणार, माळा कोण काढणार, वायरमनला फोन कोण करणार. नाव मिळालं नाही ते काम यंदा करायचं नाही. वरच्या माळ्यावरची पितळेची भांडी एखाद्या दिवाळीला काळी राहिली तर पाहुणे परत जात नाहीत. पाहुण्यांच्या खोलीत झोपून बघणारा पुरुष असावा, हे मी म्हणालो ते यासाठी. घरातल्या उणिवा बाईला बहुधा पाठ असतात. त्या दुसऱ्या कुणाला तरी दिसायला हव्यात, तरच यादीतली नावं बदलतील.

यादीत पाहुण्यांचंही नाव घालायला संकोचू नये. आपल्याकडे पाहुण्यानं पाण्याचा पेला उचलला तरी यजमान हातातून काढून घेतात. ही पद्धत पंगतीपुरती ठीक आहे, दोन दिवसांच्या मुक्कामाला ती झेपत नाही. भाऊबीजेला येणाऱ्या भावांना एवढीच विनंती आहे: ओवाळणीत जे घालायचं ते घाला, पण सकाळी उठल्यावर आपली गादी गुंडाळा, चादरीची घडी घाला आणि चहाची कपबशी स्वतः विसळून ठेवा.