वर कळवले आहे

‘वर कळवले आहे’ हे वाक्य आपल्याकडच्या कोणत्याही कचेरीत ऐकू येते आणि बहुधा ते खरेच असते. पण कळवणाऱ्याची जबाबदारी तिथे संपते का? १८९२ साली इंग्लंडातल्या एका लहान गावच्या स्टेशनमास्तरापुढे हा प्रश्न फार कठोरपणे उभा राहिला.

टॉमस कर्बी हे यॉर्कशरमधल्या ऑटरिंग्टन स्टेशनचे मास्तर. जेम्स होम्स हा जवळच्या मॅनर हाउस केबिनमधला सिग्नलमन. होम्सची तान्ही मुलगी रोझ आजारी पडली. डॉक्टर दुसऱ्या रुग्णाकडे गेलेला, त्याच्या शोधात होम्सने मैलोन्‌मैल पायपीट केली. मुलगी गेली. बायकोला सावरण्यात उरलेला दिवस सरला. ३६ तास त्याच्या डोळ्याला डोळा लागला नव्हता. रात्रपाळी आपल्याने निभणार नाही, हे त्याने कर्बींना जाऊन सांगितले. कर्बींनी बदली माणूस मागितला, तो मिळाला नाही. होम्स कामावर गेला. २ नोव्हेंबरच्या पहाटे, धुक्यात, त्याला झोप लागली. जाग आली तेव्हा केबिनजवळ खोळंबलेली मालगाडी तो विसरला होता. एडिंबरोहून लंडनला जाणाऱ्या एक्सप्रेसला त्याने वाट दिली. १० माणसे गेली. ज्युरीने होम्सला दोषी ठरवले, तरी न्यायाधीशांनी त्याला तुरुंगात न धाडता सोडून दिले.

होम्सविषयी सर्वांनाच कळवळा येतो. विचारात पाडतात ते कर्बी. त्या काळचा स्टेशनमास्तर कंपनीच्या घरात राही. गाड्यांच्या आवाजात त्याची मुले वाढत आणि नोकरी गेली की छप्परही जाई. अशा माणसाने नियमाबाहेर पाऊल टाकावे, अशी अपेक्षा आरामखुर्चीत बसून करणे सोपे आहे. शिवाय रेल्वे चालते ती निरोपावरच्या विश्वासावर. प्रत्येक जण स्वतःच्या मर्जीने गाड्या थांबवू लागला, तर अपघात वाढतीलच.

हे सगळे मान्य करूनही एक गोष्ट उरते. दूरच्या कचेरीपुढे होती एक मागणी. कर्बींपुढे होता लेकीला गमावून आलेला, झोपेने पेंगुळलेला बाप. निरोप वर पाठवता येतो, पाहिलेले पाठवता येत नाही. ते पाहणाऱ्यापाशीच राहते आणि त्यासोबत जबाबदारीचा तेवढा वाटाही. वरून नकार आला म्हणून तो वाटा उतरत नाही.

मग साऱ्यांनी पराक्रमी व्हावे का? तसे नाही. गप्प बसणे आणि नोकरीवर पाणी सोडणे यांच्यामध्ये बऱ्याच पायऱ्या असतात. पुन्हा विचारता येते. ‘हा माणूस आज झोपी जाईल’ असे स्पष्ट शब्दांत बजावता येते. सोबतीला दुसरा कोणी जागा ठेवता येतो. बहुतेक वेळा माणुसकी याच पायऱ्यांवर पणाला लागते.

पुढच्याच वर्षी, १८९३ मध्ये, रेल्वे कामगारांच्या कामाच्या तासांविषयी कायदा झाला. कायद्याला तास मोजता येतात. कुणाच्या घरात कालच पाळणा रिकामा झाला, हे मात्र जवळच्या माणसालाच ठाऊक असते. म्हणून त्याने वर कळवावेच, पण ‘माणूस नाही’ असे उत्तर आले की आपले काम आता सुरू झाले, असे समजावे.